बेहडाटोल्याची चोवीस छतं

नागपूर
४ मार्च २०२४

प्रिय आत्या,

तुझा हट्ट म्हणून पत्र लिहिते आहे. तुमच्या वस्तीत, टोल्यावर, रेंज नाही, आणि तू टेकडी चढून फोन केलास तरी ‘रुचिका, तू नुसती हो-हो करतेस आणि विसरतेस’ एवढंच ऐकायला मिळतं. तर आता लेखीच घे.

बातमी मोठी आहे. आमच्या संस्थेने यंदाच्या घरबांधणीसाठी बेहडाटोला निवडला. चोवीसच्या चोवीस मातीची घरं पक्की होणार, आणि कामाची आखणी माझ्याकडे आली आहे. साहेबांचा विचार चार-चार घरं करत पुढे जायचा होता. मी त्यांना पटवलं की सगळी घरं एकदम घेऊ. आधी सगळे पाये, मग सगळ्या भिंती, मग सगळी छतं. अहवालात पाया शंभर टक्के, भिंत शंभर टक्के असं दिसलं की देणगीदारांनाही बरं वाटतं, आणि मेअखेर सगळं आटोपतं. उत्तरेकडच्या ओळीपासून नंबर दिले आहेत. तुझं घर तिसरं.

अडचण एकच आहे. लोक राहतं घर पाडायला बिचकतात. तू आधी पाडलंस तर बाकीचे तुझ्यामागे येतील. अर्ध्या टोल्याला तूच बाराखडी शिकवली आहेस. माझ्यासाठी एवढं कर ना.

तुझी,
रुचिका

*

बेहडाटोला, ता. सालेकसा
१२ मार्च

चि. रुचिका,

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखंच आहे, इंजिनियर झालीस तरी. शंभर टक्के, शंभर टक्के वाचून मला निकालाचा दिवस आठवला.

तुझा कागद मी मोहाच्या झाडाखाली सगळ्यांना वाचून दाखवला. इथली रीत तुला ठाऊक आहे. कोणाचं घर उघडायचं असलं, नुसते छपरावरचे कवेलू फेरायचे असले तरी माणूस भांडीकुंडी घेऊन शेजाऱ्याच्या छपरीत जातो. त्याचं झालं की शेजारी याच्याकडे येतो. तू सगळ्यांचीच घरं एकदम उघडणार म्हणतेस. मग जायचं कोणाकडे, असं मंगरूने विचारलं. मी म्हटलं, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, उन्हाळ्यात झाडाखालीही झोपता येतं.

शेवटी मंगरूची बायको धुरपताबाई, माझी शेजारीण, तीच बोलली. ‘बाई, तुमची भाची हाय म्हणून आमी हव म्हनतो. पन माई लेक भूमेश्वरी आखाडात मोकळी होनार. पयलं बाळंतपन हाय. तिच्या खाटेवर छत पायजे, एवढं लिहा.’

लिहिलं. मी होळीनंतर माझं घर पाडते. तुझ्या भरवशावर पाडते, हे लक्षात ठेव.

तुझी,
आत्या

*

नागपूर
२० मार्च

प्रिय आत्या,

तू सोन्यासारखी आहेस. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, असे लोक प्रत्येक गावात असते तर आपली कामं रखडलीच नसती.

धुरपताबाईंना सांग, आखाड कुठे आणि मे कुठे. भूमेश्वरी येईल तेव्हा तिची खोली रंगवून तयार असेल. हा माझा शब्द. लहानपणी त्यांच्या घरी इतकी मोहफुलं खाल्ली आहेत की मला तो मोडता यायचाच नाही.

तुझी,
रुचिका

*

बेहडाटोला
९ मे

चि. रुचिका,

तुझा कागद दोन ठिकाणी खरा ठरला. पाये शंभर टक्के झाले, भिंतीही झाल्या. फोटो काढायला तुमचा माणूस आला होता, तो फार खूश होऊन गेला. माझं घर पाडलं तेव्हा दारं-चौकटी गोठ्यात ठेवल्या आणि कवेलू चिंचेखाली रचले. माझ्यामागे सगळ्यांनी पाडली. आता अख्खा टोला ताडपत्र्यांखाली आहे.

छताचं मात्र काय करायचं? तुझा ठेकेदार कैलाश गोंदियाहून येतो. त्याच्याकडे ओल्या काँक्रीटला खालून धरून ठेवायच्या लोखंडी प्लेटा आणि टेकू लावायच्या बल्ल्या फक्त दोन घरांपुरत्या आहेत. मी विचारलं तर म्हणतो, ‘बाईजी, दो ही घर का सामान है मेरे पास. पंधरा दिन नीचे टेका लगता है, फिर अगले दो घर.’ रुचिका, हे चौथीतल्या पोराचं गणित आहे. मी मांडलं तर दिवाळी उलटून गेली. तू मांडलं होतंस का?

त्यात तेंदूपत्त्याचा, विडीच्या पानांचा हंगाम सुरू झाला. पहाटे सगळा टोला जंगलात जातो. कैलाशच्या हाताखालची माणसं इथलीच, तीही जातात. त्या पानांवर लोकांचं वर्षाचं कापडचोपड निघतं.

आणखी एक. धुरपताचं घर माझ्या पाठीलाच, पण मागच्या ओळीत, म्हणून तुझ्या यादीत एकोणिसावं आहे. तिला माझा तिसरा नंबर दे. मी एकटी बाई, मला कसली घाई.

तुझी,
आत्या

*

नागपूर
१६ मे

प्रिय आत्या,

तू रागावली आहेस ते कळलं. प्लेटा ठेकेदाराकडे असणार असं मी धरून चालले होते. सगळेच धरून चालतात. आता भाड्याने शोधते आहे, पण मे महिन्यात जिकडेतिकडे स्लॅब टाकणं चालू असतं, गोंदियात कोणाकडेच शिल्लक नाहीत. तू काळजी करू नकोस, मी बघते.

लोकांना या वर्षापुरता तेंदू सोडायला सांगता येईल का? तू सांगितलंस तर ऐकतील.

नंबर मात्र बदलता येत नाही. एकाचा बदलला की तेवीस जण माझ्याकडे येतील, आणि आखणी मंजूर झाली आहे. धुरपताबाईंना जरा धीर धरायला सांग.

तुझी,
रुचिका

*

बेहडाटोला
२७ जून

चि. रुचिका,

तेंदू सोडा असं मी कोणालाही सांगितलं नाही. मला याच टोल्यात राहायचं आहे.

तुझं ‘मी बघते’ वाचून महिना झाला. पाऊस लागला. दोनच छतं झाली आहेत. त्या दोन घरांत म्हातारी माणसं, बियाण्याची पोती, कोंबड्या आणि सगळी लहान पोरं एकत्र झोपतात. बाकीचे आम्ही आपापल्या चार भिंतींच्या आत ताडपत्री बांधून राहतो. भिंती पक्क्या, गुळगुळीत, आणि वरून पाणी. जमिनीवरचं पाणी बाहेर जायला वाट नाही म्हणून बायका घमेल्याने उपसतात. लवकरच धानाची रोवणी येईल, मग बांधकामावर माणूस मिळायचा नाही. इथे धान आधी, बाकी सगळं नंतर. हे तू सुट्टीत येऊन डोळ्यांनी पाहिलं आहेस, तरी कागदावर कुठेच लिहिलं नाहीस.

मंगरूने भूमेश्वरीला सासरहून, गोंदियाजवळच्या गोरेगावहून एसटीने आणलं. पोरीचे पाय सुजले आहेत. रात्री पाणी आलं की तिला उठवून बसवतात. मी धुरपताला म्हटलं, सासरीच राहू द्यायची होती, त्यांचं घर कोरडं आहे. ती माझ्यावरच उसळली. ‘लेकीले पयल्या खेपेले माहेरी नाई आनलं त मी कायची माय, बाई? लोक का म्हनतीन?’

मला एक खोली पाहिजे. एक कोरडी खोली, भूमेश्वरीसाठी. बाकी अहवाल तुझा तुला लखलाभ.

तुझी,
आत्या

*

नागपूर
३ जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. पण मार्ग निघाला आहे. प्लेटा पंधरा दिवस ठेवायच्या ही इकडच्या ठेकेदारांची जुनी सवय. तुमच्या खोल्या लहान आहेत, एवढ्या छताला इतके दिवस लागत नाहीत. मी पुस्तकं काढून हिशेब केला आणि कैलाशला कळवलं की सहा दिवसांनी प्लेटा उतरवायच्या आणि पुढच्या घराला लावायच्या. म्हणजे कामाचा वेग दुपटीहून जास्त होईल. साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

आता तुझंच घर आहे. ते झालं की सहा दिवसांनी ती खोली भूमेश्वरीची. नंबर न बदलता काम झालं की नाही? तोवर तिला सासरी पाठवता आलं तर बघ. नसेल तर राहू दे, मी आग्रह करत नाही.

तुझी,
रुचिका

*

बेहडाटोला
२२ जुलै

चि. रुचिका,

तुला शाबासकी देते, घे. तुझ्या सहा दिवसांनी काम खरंच पळायला लागलं. माझ्या घरावर छत आलं. टाकत होते तेव्हा पाऊस थांबेना, म्हणून बायका ताडपत्री ताणून उभ्या राहिल्या. सहाव्या दिवशी कैलाशने प्लेटा नेल्या. खोलीच्या मधोमध दोन बल्ल्या तेवढ्या ठेवून गेला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘रहने दो ना बाईजी, अपना क्या जाता है.’

आणि दुसरी बातमी. भूमेश्वरी सालेकशाच्या सरकारी दवाखान्यात मोकळी झाली. मुलगी. धुरपताचा पाय जमिनीवर ठरत नाही. मला म्हणाली, ‘बाई, नाक तुमच्यावानी हाय पाहा, धारदार.’ माझं नाक त्या घरात कसं जाईल, तिलाच विचार.

उद्या मायलेकी घरी येतात. नव्या भिंतींना ओल आहे, तेव्हा बाळंतिणीची खाट भिंतीला लावता येणार नाही, मधेच टाकावी लागेल, खाली शेकाची शेगडी ठेवायची तर तेवढी जागाही पाहिजे. त्या बल्ल्या मधे येतात, त्यांचं काय ते उद्या बघू. धुरपताने आतापासून खोली सारवायचा घाट घातला आहे. सिमेंटची जमीन आहे, ती सारवत नाहीत, हे सांगून मी थकले.

खोली मिळाली, रुचिका. उशिरा मिळाली, पण मिळाली.

तुझी,
आत्या

*

नागपूर
२ ऑगस्ट

आत्या,

दहा दिवस झाले, तुझं काहीच आलं नाही. छत पडलं त्याच दिवशी कैलाशने फोन करून सांगितलं. धुरपताबाई गेल्या यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मी निघाले होते. साहेब म्हणाले, तू जाऊ नकोस, लोक चिडलेले असतील, संस्थेकडून दुसरा माणूस जाईल. मी थांबले.

आमचा माणूस पाहणी करून आला. त्याने लिहिलं आहे की रहिवाशांनी मधल्या बल्ल्या परस्पर काढल्या म्हणून छत बसलं. आत्या, कैलाशने त्या ठेवल्या होत्या ना? मग काढायला कोणी सांगितलं? असा कोण शहाणा निघाला टोल्यात? मला नाव लिहून पाठव. चौकशी होणार आहे आणि ते नाव त्यात यायला हवं, नाहीतर सगळं आमच्या माथी बसेल. लोकांना एवढी साधी गोष्ट कळू नये याचा मला फार राग येतो आहे.

भूमेश्वरी आणि बाळ बरे आहेत ना?

रुचिका

*

बेहडाटोला
७ ऑगस्ट

चि. रुचिका,

नाव लिहून घे. शकुंतला पटले, निवृत्त शिक्षिका, घर क्रमांक तीन.

सकाळी भूमेश्वरीला दवाखान्यातून आणलं. मंगरू खाट घेऊन आला तर ती बल्ल्यांमध्ये बसेना. तो मला म्हणाला, ‘बाई, काढू का ह्या? ठेकेदार त नाई हाय.’ मी म्हटलं, सहा दिवस पुरतात, इथे दहा होऊन गेले. इंजिनियरने हिशेब केला आहे, काढ. त्याने दोन्ही काढल्या आणि बाहेर नेऊन भिंतीला टेकवल्या. काही झालं नाही. आवाजसुद्धा नाही. आम्ही खाट टाकली.

भूमेश्वरी दारात उभी होती. बाळ माझ्याकडे होतं. धुरपता म्हणाली, ‘थांब व माय, आंधी शेगडी पेटवतो, मंग ये,’ आणि खाटेखाली वाकली. छत मधून खाली आलं. काँक्रीट आतून अजून ओलसर होतं, हाताने ढेकळं निघत होती. ती ढेकळं आम्ही हातांनीच उपसली. मंगरू सर्वांत पुढे होता. धुरपताचा श्वास सुरू होता तेव्हा तिला खाटेवर घातलं आणि रस्त्यापर्यंत नेलं. चिखलातून गाडी येईना. ती वाटेतच गेली.

सहा दिवस मला कोणी सांगितले ते मी तुला विचारत नाही. तू मला विचारलंस, कोण शहाणा, म्हणून लिहिलं.

बाळ बरं आहे. भूमेश्वरीला दूध येत नाही. दोघी माझ्या गोठ्यात आहेत, वर जुने कवेलू घातले आहेत.

तू आली नाहीस.

आत्या

*

नागपूर
१२ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र वाचल्यापासून जेवण जात नाही. ती तू असशील हे माझ्या मनातही आलं नव्हतं, आणि मी काय काय लिहून बसले.

ते सहा दिवस पुस्तकात आहेत, आत्या. पण चांगलं सिमेंट, स्वच्छ वाळू आणि कोरडी हवा असली तर. मी खालच्या अटी वाचल्या होत्या. मला वाटलं, एवढ्या लहान खोलीला चालून जाईल. मला भूमेश्वरीसाठी खोली हवी होती आणि साहेबांसाठी वेग हवा होता, दोन्ही एकदम मिळत होतं, म्हणून मी पावसाचा विचार केला नाही. चार-चार घरं करत गेलो असतो तर पाऊस येईपर्यंत निदान सात-आठ घरं पुरी झाली असती आणि बाकीची पाडलीच गेली नसती. धुरपताबाई आपल्या जुन्या घरात नातीला मांडीवर घेऊन बसल्या असत्या. हे मी रोज स्वतःला सांगते.

२६ तारखेला चौकशीची बैठक आहे. मी सगळं सांगणार आहे. आखणी माझी होती, सहा दिवस माझे होते, आणि तू जे केलंस ते माझ्या शब्दावर केलंस. नोकरी जाईल, पुढेही काय व्हायचं ते होईल. मंगरूकाकांना सांग की त्यांनी कशाचाही दोष स्वतःकडे घेऊ नये.

मग मी तिकडे येते. तू घरात घेतलंस तर.

रुचिका

*

बेहडाटोला
१७ ऑगस्ट

चि. रुचिका,

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या मनावरचं ओझं थोडं उतरलं. माझ्या भावाची पोर अजून जागेवर आहे असं वाटलं. तुला ‘बोल, घाबरू नकोस’ असं लिहायला मी कागद काढलाही होता.

पण लिहिण्याआधीच तुमचे साहेब येऊन गेले. सगळ्यांना मोहाखाली बसवलं, फार गोड बोलले. म्हणाले, आखणीत चूक निघाली तर काम थांबेल, पुन्हा मंजुरी घ्यावी लागेल, कधी मिळेल सांगता येत नाही. रहिवाशांकडून अपघात झाला असेल तर मात्र काम चालू राहील. एवढं बोलून ते मंगरूकडे बघत बसले. एकोणीस घरांवर अजून छत नाही. पाऊस अजून दीड महिना आहे. मी उठून म्हटलं, काढायला मी सांगितलं. साहेब म्हणाले, तुम्ही बसा बाई, तुमचं वय झालं. मी बोलले तर तुझ्या सहा दिवसांचा हिशेब निघेल, हे त्यांना कळत होतं.

मंगरू उठला. ‘आमीच काढलो बल्ल्या. आमाले कोनी सांगतलं नाई,’ असं म्हणाला आणि कागदावर सही केली. त्याच्यामागून एकेक करून सगळ्यांनी केल्या. बायकोच्या मरणाला आपणच कारण, असं त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं, आणि ती सही करायला त्याला मीच शिकवलं होतं.

आता तो माझ्यासमोर बसला आहे. मांडीवर नात आहे. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. मंगरूकाका असं लिहिलंस ते ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाला, ‘बाई, रुचिकाबाईले लिहा, सोताचं नाव नोको घेऊ म्हना. काम थांबलं त एवढे लोक कुठं जातीन? माई त गेली. ते का वापस येऊन राहिली?’ मी त्याला म्हटलं, मंगरू, हे खोटं आहे, आपल्या धुरपताच्या बाबतीत आपण खोटं बोलतो आहोत. तो म्हणाला, ‘हव, मालूम हाय,’ आणि नातीच्या तोंडावरच्या माशा वारत राहिला.

मी रात्रभर विचार केला. तू बोललीस तर तुझं मन हलकं होईल, माझंही होईल, आणि इथे एकोणीस घरांत लोक पाण्यात बसतील. पस्तीस वर्षं मी या टोल्यातल्या पोरांना खरं बोला म्हणून छड्या दिल्या. मंगरूलाही दिल्या आहेत.

रुचिका, सव्वीस तारखेला गप्प बस. पुढचं प्रत्येक छत पुरे पंधरा दिवस टेक्यावर राहील, एवढं मात्र साहेबांकडून लिहून घे. त्यासाठी पाया पड, भांड, काय वाटेल ते कर.

आणि शेवटचं छत होईपर्यंत इकडे येऊ नकोस. तू समोर आलीस तर छत का पडलं ते भूमेश्वरी तुला विचारेल, आणि तेव्हा मला गप्प राहता येणार नाही.

आत्या